थोडं बरं म्हणणारी विभा

इकडे सरका जरा, जवळ. लिहिते आहे खरी, पण मला बोलल्याशिवाय लिहिता येत नाही, तेव्हा तुम्ही मैत्रिणी समोर बसल्या आहात असं धरून चालते. आणि आधी थोडं रागावते. तुम्ही फोन करता, घरातल्या एकूणएक माणसाची चौकशी करता, आणि माझ्या जावेचं, सुमनचं, नाव निघालं की तुमचा आवाज एकदम बारीक होतो. "तिला ते झालं होतं ना?" ते म्हणजे काय? नाव नाही का त्या दुखण्याला? कर्करोग म्हणा, कॅन्सर म्हणा, पण तोंड उघडून म्हणा. सुमन स्वतः म्हणते. परवा कोणीतरी असंच कुजबुजलं, तर माझ्या हातातून फोन घेऊन म्हणाली, "कॅन्सर झालता मले. आवाज वाढवा, ऐकू येऊन नाई राह्यलं."

ही सवय आम्हाला विभानं लावली. आणि विभाला वगळून सुमनचं काही सांगताच येत नाही, म्हणून आज विभाबद्दलच लिहायला बसले.

विभा आमची शेजारीण. वर्ध्याला आमच्या घराला लागून एक बसकं घर आहे, तिथं ती भाड्यानं राहायची. औषधं कशी बनवतात ते शिकवणाऱ्या कॉलेजात ती शिकवायची, आणि शिकवून उरलेला सगळा वेळ प्रयोगशाळेत कॅन्सरच्या औषधावर घालवायची. पन्नाशीला टेकलेली, एकटी, मूळची रोहण्याची, शेतकऱ्याच्या घरची मुलगी. दारावर नावाआधी डॉक्टर लिहिलेलं होतं. झालं, पहिल्याच आठवड्यात गल्लीतल्या बायका गुडघे धरून तिच्या ओट्यावर हजर. तेव्हा ती बाहेर आली आणि म्हणाली, "मी सुई टोचणारी डॉक्टर नाई. माह्या हातचं औषध आजवर फक्त उंदरांनी घेतलं. तुमाले चालत असन तर बसा." बायका उठल्या. एकीनं तर गुडघा दुखतच नाही असं दाखवत पायऱ्या उतरल्या.

दिसायला कशी म्हणाल तर काही विशेष नाही. काळीसावळी, केस घट्ट बांधलेले, आणि साडीखाली खेळायचे बूट. काचसामानात वावरायचं तर चपला चालत नाहीत म्हणे. कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला जायची तरी स्कूटर काढायची आणि डोक्यावर हेल्मेट घालायची. मी म्हणायची, "अगं, बोलत बोलत चालत गेलीस तरी आधी पोचशील." तर म्हणे, "काकू, डोकं एकच हाये. ते फुटलं तर सुटं मिळत नाई."

दुसरी सवय, जे हाती येईल त्याची पाठ वाचायची. तेलाची पिशवी, साबण, आमच्या ह्यांच्या खोकल्याचं औषध. मी लोणचं दिलं तर बरणी फिरवून फिरवून पाहिली. म्हटलं, काय शोधतेस? "यावर काहीच लिहिलेलं नाई, काकू. कधी घातलं, कुठं ठेवायचं, कधीपर्यंत खायचं." मी म्हटलं, माझ्या तोंडावर लिहिलंय ते वाच.

आणि तिसरी सवय म्हणजे तिचं "थोडं बरं". कुठल्याही गोष्टीचं पुरतं कौतुक या बाईच्या तोंडून कधी निघालं नाही. पातोडीची भाजी पाठवली, कशी झाली विचारलं, तर "मागच्या खेपेपेक्षा थोडी बरी." सुरुवातीला मला राग यायचा. आमच्या ह्यांना मात्र गंमत वाटायची. दाढी करून, धुतलेला सदरा घालून हे मुद्दाम कुंपणापाशी जाऊन उभे राहायचे. "विभा, कसा दिसतो?" ती झाडाला पाणी घालता घालता एकदा नीट पाहायची आणि म्हणायची, "कालच्यापेक्षा थोडे बरे, काका." तेवढ्यावर यांचा दिवस जायचा.

पुढं मला कळलं की ही बोलायची ढब नव्हती, हा तिचा धंदा होता. तिचं कामच असं. संध्याकाळी घरी आली की तोंडावरून समजायचं. मी कुंपणावरून विचारायची, "आज फेकलं का गं?" "फेकलं." औषधाचे अतिशय बारीक कण ती करायची. किती बारीक, तर एका केसाच्या जाडीत शेकडो कण शेजारी शेजारी बसतील एवढे. आणि ते सगळे जवळपास एका मापाचे हवेत. माप चुकलं की सगळा घाणा फेकून द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून. मला जीव तुटायचा. एकदा म्हटलं, "लहानमोठे झाले थोडे तर काय बिघडतं? माझे लाडू कुठं सारखे असतात?" तर म्हणाली, "तुमचे लाडू रक्तातून नाई जायचे, काकू."

उंदरांचं एक सांगते, मग पुढं जाते. एका पावसाळ्यात आमच्या घरात उंदीर झाले. मी पिंजरा लावला, सकाळी एक गलेलठ्ठ सापडला. हे बादलीत पाणी भरायला निघाले, म्हणजे काय करणार होते ते समजा. तेवढ्यात विभा कॉलेजात निघालेली. पिंजरा पाहिला आणि थांबली. म्हणाली, "काका, हा मले द्या." यांना वाटलं प्रयोगाला हवा. मोठ्या मानानं पिंजरा तिच्या हातात दिला. तिनं तो स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये ठेवला, हेल्मेट चढवलं आणि रेल्वेच्या पुलापलीकडे मोकळ्या मैदानात जाऊन सोडून आली. संध्याकाळी रिकामा पिंजरा परत. मी विचारलं, कॉलेजात त्यांच्यावरच तर सगळं करतेस, मग हा काऊन सोडला? तिनं पिंजरा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "म्हणूनच. तिथं मले करावं लागते, काकू. इथं लागत नाई." परत कधी मी त्यावर बोलले नाही. आमच्या घरात पिंजरा मात्र अजूनही फक्त सोडायलाच लागतो.

आता सुमनचं.

सुमन आणि माझे धाकटे दीर, भास्करभाऊजी, सेलूजवळ राहतात. भाजीपाल्याचा मळा आहे त्यांचा. वांगी, चवळी, पालक, सांभार म्हणजे आपली कोथिंबीर. सुमन तोडते, जुड्या बांधते, भाऊजी बाजारात नेतात. सुमनच्या स्तनात गाठ निघाली. आमच्याकडच्या बायकांचं जे होतं तेच झालं, तिनं ते अंगावर काढलं. सांगितलं तोवर गाठ चांगली वाढली होती. वर्ध्याला माझ्याकडेच राहून तपासण्या झाल्या, आणि त्यात दुसरं संकट निघालं. लहानपणीच्या कुठल्यातरी तापानं सुमनचं हृदय आधीच अधू होतं. अशा गाठीवर जे लाल औषध देतात, सलाईनमधून जातं ते, त्याचा घाव हृदयावर बसतो. डॉक्टर म्हणाले, साधं लाल औषध हिला झेपणार नाही, विचार करावा लागेल.

सुमन घरी आली आणि भिंतीला टेकून बसली. "मले काहीच नको," म्हणाली. "गाठीनं मरायचं का हृदयानं, एवढंच इचारून राह्यले ना सारे? मी माह्या मळ्यात मरतो."

भास्करभाऊजी उठले आणि सरळ विभाच्या दारात. तिला हाताला धरूनच आणायचं बाकी ठेवलं. आमच्या ओसरीवर सगळे बसलो. भाऊजींनी कुठूनतरी अर्धवट ऐकलं होतं की मॅडमचं औषध थेट गाठीत जातं. विभानं त्यांना समजावून सांगितलं. औषध मोकळं न सोडता स्निग्ध पदार्थाच्या इवल्याशा पाकिटात बंद करायचं. निरोगी रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट असतात, त्यातून ही पाकिटं सहसा बाहेर पडत नाहीत. पण गाठ घाईघाईनं वाढलेली असते, तिच्या वाहिन्यांना जागोजागी फटी. "खारीनं कुरतडलेली नळी पाह्यली ना तुम्ही वावरात, भाऊ? तशी. तिथून पाकिटं गाठीत पडतात."

भाऊजींचा चेहरा खुलला. "म्हंजे ठिबक. साधं औषध म्हंजे पाटाचं पानी, साऱ्या वावरात पसरते. तुमचं म्हंजे ठिबक, बरोबर झाडाच्या बुडाशी."

दुसरी कोणी असती तर हो म्हणाली असती, इतकं छान बोलले होते ते. विभानं मान हलवली. "नाई भाऊ, ठिबक नाई. ठिबकाचं पानी बुडाशीच पडते. ह्या पाकिटांतली लय तर रस्त्यातच अडकतात, यकृतात जातात, कुठी कुठी जातात. गाठीत पोचतात थे थोडीच. साध्या औषधापेक्षा जरा जास्त पोचतात आन हृदयाले जरा कमी तरास देतात. इतकंच."

"इतकं बी लय झालं. मंग द्या ना एक शिशी."

"नाई."

"काऊन?"

"माह्यं औषध उंदरांच्या पुढं गेलंच नाई. माणसाले ते काय करन, मले माहीत नाई."

भाऊजींचा आवाज चढला. "हिचं काही झाल्यावर माहीत होईन का तुमाले? तिकडं कपाटात औषध ठेवून राह्यल्या आन इकडं माणूस चाललं." आमचे हे "भास्कर, भास्कर" करत राहिले. विभाचा चेहरा उतरला, पण ती जागची हलली नाही. म्हणाली, "मी सोता आजारी असती, तरी मले नसतं देल्लं, भाऊ." मग ती भाऊजींना सोडून सुमनकडे वळली. "पन माह्यं नाई म्हंजे काहीच नाई, असं कुठी हाये? हेच लाल औषध अशाच पाकिटात घातलेलं, दुसऱ्यांनी बनवलेलं, आज लय वर्षं माणसांले देऊन राह्यले. ते तपासून, पारखून मंगच बाजारात आलं. तुमच्या हृदयाले ते चालन का नाई, हे मी नाई सांगणार. डॉक्टरले विचारू. मी येतो संगं."

आणि आली. दवाखान्याच्या बाकावर सकाळपासून सुमनच्या शेजारी बसली. आत गेल्यावर स्वतःचं कॉलेज, स्वतःचं काम, एक अक्षर काढलं नाही. प्रश्न फक्त तो एक विचारला. डॉक्टरांनी हृदयाची तपासणी परत करायला लावली, विचार केला, आणि म्हणाले, देऊन पाहू, प्रत्येक वेळी हृदय तपासत जाऊ. गाठ आखडली तर मग ऑपरेशन.

सुमन तयार झाली ती कशी, ते लक्षात ठेवा. म्हणाली, "एक डाव जाईन. मधात काही बिघडलं, दिवस टळला, तर तो इशारा समजीन आन मंग मले कोनी म्हणू नका." तिला जगायचं नव्हतं असं नाही. तिला फार भीती वाटत होती, आणि भीती वाटते हे म्हणायची तिला लाज वाटत होती. टळण्याची वाट पाहत बसलेलं माणूस होतं ते.

दिवस ठरला, मे महिन्यातला. मे महिन्यात वर्धा कशी तापते ते तुम्हाला मी काय सांगू. ते औषध तेव्हा गावात मिळेना, नागपूरहून आणायचं आणि थंड ठेवायचं. भास्करभाऊजी आदल्या दिवशी जाऊन घेऊन आले. त्यांच्या हातात थर्मासचा मोठा डबा होता. मी म्हटलं फ्रिजमध्ये ठेवू, तर म्हणाले, "फ्रिजचा भरोसा नाई वहिनी, तुमच्याकडची लाईट केव्हाबी जाते. मी पक्का बंदोबस्त केला." डबा ओसरीच्या गार कोपऱ्यात ओलं पोतं गुंडाळून ठेवला, आणि त्याच्याजवळच अंथरूण टाकलं.

सकाळी विभा आली. पाहू म्हणाली, आणि झाकण काढलं. आत बर्फ. बर्फावर पांढरे खडे. तिनं एक खडा बोटानं उचलून पाहिला. "भाऊ, हे मीठ हाये?"

"हाव," भाऊजी मोठ्या खुशीत. "मिठाशिवाय बरफाले जोर येत नाई, मॅडम. पॉटचं आईस्क्रीम मंग कसं जमते?" आमच्या घराण्यात लग्न असो, बारसं असो, आईस्क्रीमचा पॉट फिरवायचं काम वर्षानुवर्षं भास्करभाऊजींचंच. बर्फ आणि खडेमीठ यांत त्यांच्यासारखा जाणकार नाही. बिचाऱ्यांनी बायकोच्या जिवासाठी जे येत होतं ते सगळं पणाला लावलं होतं.

विभानं शिशी काढली आणि तिरपी केली. आतलं लाल हललं नाही. तिनं खोक्याची पाठ आमच्यासमोर धरली. तिथं छापलेलं होतं, गोठवू नका.

पहिली बोलली ती सुमन. "लगन हाये का कोनाचं?" नवऱ्याला म्हणाली. "कुल्फी जमवली माह्यी."

भाऊजी पांढरे पडले. "वितळन ना पन. उन्हात धरतो, आता वितळते."

"वितळन," विभा म्हणाली. "पन गोठताना आतली पाकिटं फुटू शकतात."

"फुटली का?"

"मले माहीत नाई. डोळ्यानं दिसत नाई ते."

"माहीत नाई ना? मंग फुटली नसतीनच. देऊन टाकू."

"माहीत नाई म्हणूनच नाई द्यायचं, भाऊ. फुटली असतीन तर हे पाकिटातलं औषध राह्यलंच नाई. तेच मोकळं लाल औषध झालं, जे यांच्या हृदयाले झेपत नाई." तिनं तिथूनच दवाखान्यात फोन लावला. तिकडूनही तेच उत्तर आलं, ही शिशी आणू नका. दुसरी मिळाली तर दुपारी उशिरापर्यंत जागा राखतो, नाहीतर पुढची तारीख.

सुमनच्या तोंडावर काय आलं सांगू? सुटका. परीक्षा रद्द झाली म्हटल्यावर पोरांच्या तोंडावर येते तशी. "पाह्यलं ना?" म्हणाली, "मी म्हटलंच होतं. इशारा हाये हा." आणि उठून पिशवीत लुगडी भरायला लागली. भाऊजी डोकं धरून पायरीवर बसले. पुढची तारीख आली असती, पण सुमन आली नसती. हे ओसरीवरच्या प्रत्येकाला कळत होतं.

विभानं तिला समजावलं नाही की देवाधर्माची शपथ घातली नाही. म्हणाली, "सुमनताई, सेलूची बस दुपारीबी असते. मी येईपर्यंत थांबा. आल्यावर नाई म्हणाल तर मीच तुमाले बसमध्ये बसवून देतो." मग भाऊजींकडे वळली. मला वाटलं आता ऐकवते चार शब्द. तर म्हणाली, "भाऊ, डबा धुऊन, पुसून, वाळवून ठेवा. पुढच्या खेपेले तुम्हीच आणायचं हाये, मी दाखवतो कसं." आणि औषधं थंड ठेवायची स्वतःची पेटी घेऊन नागपूरची बस धरायला बसस्टँडकडे गेली. त्या दिवशी तिची कॉलेजला जी सुट्टी पडली, ती मी तिला ओळखत होते तेवढ्या काळातली पहिली. दुसऱ्या शिशीच्या पैशांचं आम्ही घरातल्या माणसांनी मिळून निभावलं, तो भाग सोडा.

ती सकाळ कशी गेली म्हणून सांगू. सुमन भरलेली पिशवी मांडीशी घेऊन दाराकडे तोंड करून बसलेली. भाऊजी तो डबा धुताहेत, वाळवताहेत, वास घेऊन पाहताहेत, परत धुताहेत. सुमन म्हणते, "घासा, अजून घासा. भोक पडलं का सांगजा." ते परत घासायला लागतात. मी वरणभाताचं विचारलं तर दोघंही नको म्हणाले. एकदा सुमन हळूच मला म्हणाली, "बाई, त्या येतीन का खरंच? एवढ्या उन्हात?" मी म्हटलं, तुला यायला हवी आहे की नको? तिनं पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

ऊन डोक्यावरून कललं तेव्हा विभा आली. चेहरा बीटासारखा लाल, साडी अंगाला चिकटलेली, पेटी छातीशी धरलेली. बर्फाच्या थंड पिशव्या कडेनं, त्यांच्यात आणि शिशीत कागदाची घडी, आणि आत उष्णता मोजायची नळी. बर्फाला औषधाचा स्पर्श नाही. बसमध्ये ती पेटी मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हती, आणि दर थोड्या वेळानं झाकण किलकिलं करून आत पाहायची. वाहक शेवटी म्हणाला, "मॅडम, कोंबडीचं पिलू हाये का? त्याचं तिकीट नाई लागत, बिनधास्त पाहा." हे तिनं पाणी पिता पिता सांगितलं. कोणीच हसलं नाही, आणि मग सुमनच हसली.

विभा म्हणाली, "सुमनताई, बस हाये अजून सेलूची."

सुमन तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग तिनं पदरानं तिचं कपाळ पुसलं. "गप बसा तुम्ही," म्हणाली. "चाला दवाखान्यात. ते वितळून राह्यलं असन."

औषध लागलं तेव्हा आम्ही आळीपाळीनं आत जात होतो. विभा पलंगाच्या पायथ्याशी जी उभी राहिली ती तिथून हलेचना. नळीतून थेंब थेंब लाल उतरतं आहे आणि ही एकटक पाहते आहे. सुमन म्हणाली, "काय पाहून राह्यल्या एवढं?"

विभा म्हणाली, "इतकी वर्षं हे मी काचेत पाह्यलं, उंदरात पाह्यलं. माणसात जाताना आज पहिल्यांदा पाहून राह्यली."

"मंग पाहून घ्या चांगलं," सुमन म्हणाली. "उंदीर बोलत नाई, मी सांगतो. हाताले थंड लागून राह्यलं."

मी दारात उभी होते. आमच्या कौतुकानं जिच्या तोंडावरची रेघ हलत नसे, ती त्या वाक्यावर इतकी हसली की नर्सबाईंना तिला बाहेर काढावं लागलं.

सगळं गोडगोड झालं असं समजू नका. दुसऱ्या का तिसऱ्या खेपेनंतर सुमनचे तळहात-तळपाय लाल झाले, सालं निघायला लागली. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की असं होऊ शकतं, गरम पाणी नको, हाताला घासणारं काम नको. पण मळेवालीला निंदण दिसलं की तिचा हात कुठं थांबतो? विभा रविवारी सेलूला गेली तर ही विळा घेऊन वाफ्यात. मग जी जुंपली दोघींची.

"विळा ठेवा आधी खाली."

"तुमचं औषध गाठीत जाते म्हणे. मंग माह्या तळहाताले काऊन आलं थे? रस्ता चुकलं का?"

"चुकलं. तेच तर अजून जमलं नाई आमाले. त्याचंच काम करून राह्यली मी."

"मंग लवकर करा. चवळी तोडायची राह्यली माह्यी." आणि विळा तिनं खाली ठेवला, विभानं तो उचलला. रोहण्याची मुलगी ती, चवळीच्या शेंगा तोडून, टोपली भरूनच वर्ध्याला परत आली. डॉक्टरांनी पुढच्या खेपेला औषधाची मात्रा थोडी कमी केली, हात सावरले.

खेपा होत राहिल्या. प्रत्येक शिशी भास्करभाऊजींनीच आणली, विभानं शिकवलं तसं. आता सेलूत कोणाला इन्सुलिन थंड ठेवायचं असलं तरी लोक त्यांना विचारायला येतात. गाठ आखडली. ऑपरेशन झालं. हृदयानं साथ दिली. तपासण्या अजून आहेत, आणि त्या तारखा जवळ आल्या की सुमन चिडचिडी होते, पण जाते. कोणी न सांगता जाते.

मागच्या हिवाळ्यात विभाला दूरच्या राज्यातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेतून बोलावणं आलं. तिच्या कणांचं पुढचं काम तिथं होणार होतं. मी विचारलं, माणसांपर्यंत कधी येईल गं तुझं औषध? म्हणाली, माहीत नाही, माझ्या हातून येईल की माझ्यानंतरच्या कोणाच्या हातून तेही माहीत नाही, पण आता ते उंदरांच्या पुढं निघालं आहे. जायच्या आधी सुमननं तिला मळ्यात जेवायला बोलावलं. रोडगे केले होते, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले, तुपात चुरलेले, वर वांग्याची झणझणीत भाजी. विभा पोटभर जेवली. मग झाडाखाली पोत्यावर टेकली आणि बोलता बोलता झोपली. त्या बाईला मी कधी बसलेली नीट पाहिली नव्हती, झोपलेली तर नाहीच. बूट तसेच पायात, तोंड किंचित उघडं, केसात गवताची काडी.

तिला संध्याकाळच्या बसनं परत यायचं होतं, सामान बांधायचं बाकी होतं. मी उठवायला निघाले, तर सुमननं हात आडवा केला. ती तिच्या उशाशी मांडी घालून बसली होती आणि पदरानं माश्या वारत होती. सडकेवरून बसचा आवाज आला, मोठा झाला, आणि निघून गेला. भाऊजी लांबून खुणेनं विचारत होते, उठवू का. सुमन हलक्या आवाजात म्हणाली, "राहू द्या. बसी लय येतात." आणि तिच्या केसातली काडी काढून बाजूला टाकली.

दुसऱ्या दिवशी सामान बांधून ती गेली, पण मला आठवते ती अशीच झोपलेली. आता ती लांब आहे, फोन करते, यांच्या दाढीची चौकशी करते. तुम्ही मात्र लांब नाही. फोनवर हळू आवाजात विचारण्यापेक्षा एकदा या. थंडी संपायच्या आत या, मळ्यात वांगी भरपूर आहेत, गोवऱ्या वाळवून ठेवल्या आहेत, आणि सुमन रोज विचारते की तुझ्या त्या मैत्रिणी कधी येणार. आधी कळवू नका, सरळ सेलूची बस धरा. लवकर येजा.